प्रश्न उद्भवत नाही

मुंबई, ११ मे १९५२

ती. शालनअक्काच्या पायांवर ज्योतीरामचं डोकं.

परवा मी शपथ घेतली. माझं नाव पुकारलं तेव्हा आधी कळलंच नाही, कारण 'श्री. अवघडे' अशी हाक मला आजवर कोणी मारली नव्हती. चिंचवडच्या शाळेत मी मास्तर आणि आपल्या कुरणवाडीत भिवा मांगाचा धाकटा. शेजारच्या सभासदानं कोपर लावलं तेव्हा उठलो. कागद हातात होता, पण बघावा लागला नाही. सगळं पाठ केलं होतं.

तू सोलापुरात, त्यामुळे हे कसं घडलं ते तुला तुटक तुटकच कळलं असेल. गेल्या दिवाळीनंतर रंगराव आमच्या शाळेत आले. तालुक्यात पक्ष म्हणजे रंगराव. मोटार दारात उभी करून ते म्हणाले की आपल्या मतदारसंघातून दोन आमदार जायचे आहेत. एक जागा सर्वांची, ती ते स्वतः लढवणार. दुसरी आपल्या लोकांसाठी राखीव. त्या जागेला शिकलेला, निर्व्यसनी आणि भांडकुदळ नसलेला माणूस पक्षाला हवा आहे. तिन्ही गोष्टी मला कौतुकाच्याच वाटल्या. मी नोकरीचा राजीनामा दिला.

आईला दोन दिवस खरंच वाटलं नाही, मग ती एकदम हसायला लागली. दादा मात्र दोर वळता वळता, वर न बघता म्हणाला, "दुसऱ्याच्या मोटारीत बसलास की कुठं उतरायचं ते त्योच ठरिवतो." तो तसं बोलतोच. पण निवडून आलो त्या दिवशी वस्तीत हलगी घेऊन सगळ्यांत पुढे तोच होता. वडील गेल्यावर घायपात कुजवून, वाख काढून, दोर विकून त्यानं मला शिकवलं हे मी विसरलेलो नाही.

पुण्याच्या वर्तमानपत्रात विजयी उमेदवारांचं छायाचित्र आलं. त्यात रंगराव पूर्ण आहेत, माझा एक खांदा आहे आणि हाराचा थोडा भाग. जागा कमी पडली असेल. दादाची शकू आता दहा वर्षांची झाली, तिसरीत जाईल. तिनं ते कापून घरात चिकटवलंय आणि येईल त्याला सांगते की हा खांदा माझ्या काकाचा.

माझं बाक शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबाला लागून आहे. तिथून अध्यक्ष दिसत नाहीत, ऐकू मात्र येतात. आबाजी भावजींना नमस्कार. त्यांच्या गिरणीतल्या लोकांच्या काही तक्रारी असतील तर लिहून पाठव. आता आपला माणूस आत आहे.

तुझा धाकटा,
ज्योतीराम


पुणे, १९ ऑगस्ट १९५३

ती. अक्का,

तू विचारलंस की मी दिवसभर तिथे करतो काय. प्रश्न विचारतो.

प्रश्न लिहून पाठवायचा, त्याला नंबर पडतो, मग कधीतरी मंत्री उभे राहून उत्तर देतात. माझा पहिला प्रश्न चाकणकडच्या सात गावांतल्या विहिरींबद्दल होता. (अ) या गावांत हरिजनांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही, हे खरे आहे काय? (ब) असल्यास, सरकारने कोणती कारवाई केली? (क) केली नसल्यास त्याची कारणे काय? उत्तर आलं: (अ) नाही. (ब) व (क) प्रश्न उद्भवत नाही. मला वाटलं माझंच काही लिहिण्यात चुकलं. एका जुन्या सभासदानं समजावलं की पहिल्याला 'नाही' म्हटलं की पुढचे आपोआप मरतात. त्याच्याकडे असे मेलेले चाळीस आहेत म्हणे.

आता गावाकडची बातमी, ती तुला दादाकडून कळली नसेल. आपल्या गायरानावर कारखाना येतोय. मुंबईच्या एका शेठजींचा आहे, पाण्याचे पंप बनवणार. चाळीस एकर जमीन जाणार आणि त्यात मांगवाड्याची अकरा घरं येतात. घरांमागचे घायपाताचे बांधही येतात. ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांना मोबदला मिळेल. आपल्या अकरा घरांतल्या एकाच्याही नावावर काही नाही. आजा-पणजापासून राहतोय, पण कागद कोणी केला नाही, कारण कोणी मागितला नाही.

नोटीस आल्यावर दादा चालत चिंचवडला आला. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ह्येच्यासाठीच तुला तिथं बसवलाय." मग पाणी पिऊन लगेच परत गेला.

मी प्रश्न तयार केलाय. या वेळी असा घातलाय की पहिल्या भागाला 'नाही' म्हणताच येणार नाही. (अ) सदर गायरानावर मांग समाजाची अकरा घरे तीन पिढ्यांपासून आहेत, हे खरे आहे काय? घरं सरळ दिसतात, अक्का. ती नाहीत असं कोण म्हणेल?

काळजी करू नकोस. आईला सांगितलंय की तिच्या घराची वीट हलणार नाही.

ज्योतीराम


चिंचवड, ४ एप्रिल १९५४

ती. अक्का,

सगळं मार्गी लागलं. तू घाबरून लिहिलेलं पत्र मिळालं, पण आता घाबरायचं कारण उरलेलं नाही.

माझा प्रश्न सभागृहात यायच्या आदल्या आठवड्यात रंगरावांनी मला घरी बोलावलं. शांतपणे बोलले. म्हणाले, मास्तर, प्रश्न विचारून तुम्हाला उत्तर मिळेल, घर मिळणार नाही. कारखाना तर होणारच. त्यापेक्षा प्रश्न मागे घ्या, मी कारखान्याशी बोलतो. आणि ते खरंच बोलले. दर घरटी एका माणसाला कारखान्यात कायमची नोकरी आणि घर बांधायला दुसरीकडे जागा. हे तोंडी नाही, कागदावर. सभागृहातल्या उत्तरांचा दोन वर्षं अनुभव घेतल्यावर मला हे जास्त भक्कम वाटलं. प्रश्न मागे घेतला.

परवा वस्तीवर बैठक झाली. मामलेदार कचेरीचा माणूस कागद घेऊन आला होता. लोक म्हणाले, मास्तर वाचतील, आम्ही ऐकू. मी सबंध कागद वाचून दाखवला. दादानं पुन्हा वाचायला लावला, मी पुन्हा वाचला. 'योग्यतेनुसार काम' म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, ज्याला जे येतं ते. मग त्यानं पहिला अंगठा दिला आणि त्याच्यामागे दहा जणांनी. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. नक्कल दादाकडे ठेवायला दिलीय, नोकरीच्या वेळी दाखवायला.

नवी जागा ओढ्याच्या काठाला आहे. जरा सखल आहे, पण पाणी जवळ. आईचं मन लागायला थोडे दिवस जातील. घायपात लावायला तिथे बांध नाहीत, पण कारखान्यात नोकरी लागल्यावर दोर वळायची वेळ कोणावर येणार आहे?

रंगराव म्हणाले की मी प्रकरण समजूतदारपणे हाताळलं हे वरपर्यंत कळलंय. बाकी भेटीत.

ज्योतीराम


चिंचवड, १४ ऑगस्ट १९५५

ती. अक्का,

आईच्या तेराव्याला तू आलीस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेलीस. दादानं तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. माझ्या बाजूचं मी लिहितो. वाचायचं की नाही ते तू ठरव.

आधी नोकऱ्यांचं. जानेवारीत कारखाना सुरू झाला. उद्घाटनाला व्यासपीठावर मीही होतो. कबूल केल्याप्रमाणे अकरा नोकऱ्या दिल्या. अकराच्या अकरा सफाई खात्यात, संडास आणि मोऱ्या धुवायच्या. पंप जुळवायच्या कामावर, भट्टीवर, मालाच्या गोदामात, आपला एकही नाही. मी रंगरावांकडे गेलो. ते म्हणाले, नोकरी द्यायची ठरलं होतं, ती दिली. कोणती ते कागदात 'योग्यतेनुसार' असं आहे, आणि तुम्हीच वाचलाय तो.

दहा जण कामावर रुजू झाले. दादा नाही झाला. म्हणाला, "आमी दोर वळनारी मानसं. दुसऱ्याची घान उपसायला न्हाई आलो जल्माला." आता त्याला घायपातासाठी मोशीच्या पुढे जावं लागतं आणि दोर घेणारेही कमी झालेत. इंद्रायणीकाठच्या मळ्यांत इंजिनं आणि पंप बसायला लागले. मोटच नाही तर ती ओढायचा नाडा कशाला? हे मला आधी सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं.

आता आईचं. पंचवीस जुलैला ओढ्याला पाणी आलं आणि वस्तीत शिरलं. दोन दिवस ती ओल्यात होती. ताप चढला. सत्तावीसला दादानं वस्तीतल्या ज्योत्याजी खुडेच्या पोराला सायकलवरून पुण्याला पाठवलं. सभागृह चालू होतं. चिठ्ठी मला अकरा वाजता मिळाली, हे खरं आहे. मी लगेच उठलो, हेही खरं आहे. दारात रंगराव भेटले. म्हणाले, चार वाजता विक्रीकराच्या विधेयकावर मतदान आहे, पक्षादेश आहे, आजच्या दिवशी गैरहजर राहू नका, तुमच्या नावाचा वर विचार चाललाय. चारनंतर माझी मोटार घेऊन जा.

मी थांबलो. साडेचारला मतदान झालं. सरकारच्या बाजूला नव्वद मतं जास्त पडली.

मोटार मोकळी नव्हती. भोसरीपर्यंत बसनं आलो आणि पुढे चिखलातून चालत. वस्तीत पोचलो तेव्हा बायका बाहेर बसलेल्या दिसल्या. दादा म्हणाला, "दुपारपत्तुर इचारत हुती, ज्योती आला का." एवढंच. तिरडीला मी खांदा लावायला गेलो तर त्यानं माझ्या हाताखालचा बांबू दुसऱ्याच्या हातात दिला. हे तुला कळलंच असेल.

ताप इतका वाढेल असं मला वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर थांबलो नसतो.

तुझं पत्र येईल अशी आशा करतो.

ज्योतीराम


चिंचवड, १८ नोव्हेंबर १९५६

ती. अक्का,

सव्वा वर्षात तुझं पत्र नाही. तरी आज लिहायलाच हवं, कारण जे मी तुला अडीच वर्षांपूर्वी लिहिलं ते खोटं होतं, आणि तुला ते माझ्याकडूनच कळलेलं बरं.

शकू आता चौदा वर्षांची आहे, सातवीत. परीक्षेसाठी जन्मतारखेचा दाखला शोधताना तिला दादाच्या पेटीत तो कागद सापडला, अंगठे दिलेला. दादाला ऐकू यावा म्हणून तिनं मोठ्यानं वाचला. त्यात एक वाक्य आहे. मी तसंच उतरवतो.

'आम्ही सदर गायरानावर बेकायदा अतिक्रमण करून राहिलो असून आमचा त्या जमिनीवर पिढीजात अथवा अन्य कोणताही हक्क नाही, हे आम्हांस मान्य आहे व ती जागा आम्ही स्वखुशीने सोडत आहोत.'

हे वाक्य मी त्या दिवशी वाचलं नव्हतं. नजरचुकीनं राहिलं असं म्हणता आलं असतं, पण दादानं मला पुन्हा वाचायला लावलं होतं आणि मी दुसऱ्यांदाही ते सोडलं. कागद आदल्या दिवशीच रंगरावांनी मला दाखवला होता. मी म्हणालो होतो की या वाक्यावर आमचे लोक अंगठा देणार नाहीत. ते म्हणाले, मग ते वाक्य तेवढं मोठ्यानं वाचू नका. पुढे म्हणाले, येत्या फेरबदलात राखीव जागांतला एकजण उपमंत्री व्हायचाय, तुमचं नाव पहिलं आहे. हे त्यांनी लगेच म्हटलं, अक्का. एका वाक्यानंतर दुसरं. मी घरी येताना त्यातलं दुसरंच आठवत आलो.

तो फेरबदल झाला. उपमंत्री दुसऱ्याच जिल्ह्यातला झाला.

शकूनं वाचल्यावर दादानं मला निरोप धाडला. मी गेलो. वस्तीतले सगळे जमले होते. शकूनं कागद माझ्या हातात दिला. ती माझ्याकडे बघत नव्हती. दादा म्हणाला, वाच. मी ते वाक्य वाचलं. ज्योत्याजी उठून गेला, मग एकेक जण गेला.

शेवटी मी आणि दादा उरलो. तो म्हणाला, "तुला साळंत घातला तवा मला वाटलं, आपल्यात एक तरी वाचनारा झाला. आता आपल्याला कुनी फसवनार न्हाई." मग म्हणाला, "मी तुझ्याशी आता बोलनार न्हाई, ज्योती. राग म्हनून न्हाई. बोलायला काय हायच न्हाई."

मी उठलो. बाहेर येईपर्यंत त्यानं दोर हातात घेतला होता.

मी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी जबाब द्यायचं ठरवलंय. हे वाक्य न वाचता अंगठे घेतले, वाचणारा मी, साक्षीदार मी. त्यानं माझं काय व्हायचं ते होवो.

ज्योतीराम


चिंचवड, ९ एप्रिल १९५७

ती. अक्का,

मी पडलो. वर्तमानपत्रात आलं असेलच, सोलापूरचेही निकाल त्याच पानावर होते.

जबाबाचं आधी सांगतो. डिसेंबरात दिला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. सदर रहिवाशांनी स्वखुशीने जागा सोडल्याचा लेख दप्तरी आहे. त्यावर विधानसभा सदस्यांची साक्ष आहे. सबब फेरविचाराचा प्रश्न उद्भवत नाही. माझ्या जबाबाविरुद्ध त्यांनी माझीच सही उभी केली. वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, तुम्ही न्यायालयात खरं बोललात तर आधी तुमच्यावर खटला होईल, आणि जमीन तरीही परत येणार नाही, तिच्यावर आता भट्टी उभी आहे.

मला वाटलं होतं, या जबाबानंतर पक्ष मला तिकीट देणार नाही. दिलं. का ते नंतर कळलं. संयुक्त महाराष्ट्राची लाट अशी होती की आमच्या भागातल्या जागा जाणार हे रंगरावांना दिसत होतं. ते स्वतः उभेच राहिले नाहीत, त्यांची सोय विधान परिषदेत झाली. पडायच्या जागेवर उभं राहायला कोणीतरी हवं होतं.

चाकणला माझ्या सभेत काळी निशाणं आली. मुंबईत गोळीबार झाला तेव्हा तू कुठं होतास, असं एकानं विचारलं. मी बाकावर होतो. द्विभाषिकाच्या ठरावावर हात वर करायला सांगितलं तेव्हा मी तो वर केला होता. मनातून मला मुंबईसह महाराष्ट्रच हवा होता, पण हे त्या माणसाला सांगून काय उपयोग? एका पोरानं मारलेला खडा कानावर बसला. त्याला मी चिंचवडला बाराखडी शिकवली होती, चेहरा ओळखला.

कुरणवाडीच्या केंद्रावर माझ्या पेटीत नऊ मतं निघाली. ती कोणाची असतील याचा मी विचार करतो. वस्तीतली नसावीत.

पाच वर्षांत मी बासष्ट प्रश्न विचारले. परवा छापील अहवाल काढून मोजले. त्यातल्या एकाचं उत्तर 'होय' होतं. आळंदी रस्त्यावरच्या एका मोरीबद्दल होता तो, आणि ती मोरी आधीच दुरुस्त झाली होती.

बायकोला काहीतरी सांगायला हवं, म्हणून सावित्रीला म्हणालो, पुन्हा मास्तर होईन. ती हो म्हणाली.

ज्योतीराम


चिंचवड, २२ जून १९५८

ती. अक्का,

हे पत्र तुझ्याशिवाय कोणाला दाखवू नकोस. शकूला तर मुळीच नाही.

शाळेत मला परत घेतलं नाही. राजीनामा दिलेल्याला पुन्हा घ्यायची तरतूद नाही म्हणाले. वर्षभर इथे तिथे फिरलो. सावित्री भोसरीच्या बाजूला शेतावर खुरपायला जाते. आमदाराची बायको म्हणून सुरुवातीला बायका तिला चिडवायच्या, आता तेही सोडलं. शेवटी मे महिन्यात मी कारखान्याच्या दारात गेलो. त्याच कारखान्याच्या. कारकुनाची जागा मागायला.

लेबर ऑफिसर तरुण आहे, पुण्याचा. मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, साहेब, तुम्हाला उद्घाटनाला पाहिलं होतं. मग इंग्रजी टाइप येतं का विचारलं. येत नाही म्हटल्यावर त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. थोडा विचार करून म्हणाला, सफाई खात्याच्या मुकादमाची जागा रिकामी होतेय. तुमच्याच वस्तीतले लोक आहेत. तुमचं ऐकतील.

मी विचार करून सांगतो म्हणालो. त्यानं हजेरीपट पुढे सरकवला. अकरा नावं होती. मी दहांची अपेक्षा केली होती. अकरावं नाव दादाचं होतं.

घरी येऊन सावित्रीला विचारलं तर तिला माहीत होतं. मार्चपासून दादा तिथे कामाला आहे. शकू सातवी पास झाली, तिला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली, ती तिथल्या वसतिगृहात राहते, मास्तरीण होणार आहे. दोरांवर ते भागणारं नव्हतं. शकूला त्यानं सांगितलंय की मालाच्या गोदामात लागलो. सुट्टीला ती येते तेव्हा तो खाकी कपडे ज्योत्याजीकडे ठेवतो.

मी दादाच्या घरी गेलो. तो आत होता. मी आल्याचं त्याला कळलं, पण तो बाहेर आला नाही. वहिनीनं दारातच मला उभं केलं. मी तिला सांगितलं की ही जागा मी घेणार नाही, भीक मागेन पण घेणार नाही. ती आत गेली. बऱ्याच वेळानं परत आली आणि खाली बघत म्हणाली, "ते म्हनत्यात, घ्या. आताचा मुकादम आईवरनं शिव्या देतो. तुमी शिव्या तरी देनार न्हाई."

मग मी घेतली, अक्का.

नऊ तारखेला सकाळी पावणेसातला मी फाटकाच्या आत उभा राहिलो. समोर अकरा जण रांगेत. दादा शेवटी. खाकी सदरा त्याला मोठा होतो, बाह्या त्यानं दुमडून घेतल्या होत्या. केस पांढरे झालेत. माझ्याकडे तो बघत होता, बघायचं टाळत नव्हता. इतकं सरळ त्यानं दीड वर्षात माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

मी नावं घ्यायला लागलो. ज्योत्याजी खुडे. हजर. धोंडी लोखंडे. हजर. दहा झाली आणि मी थांबलो. मोठ्या भावाचं नाव मी आयुष्यात कधी तोंडानं घेतलेलं नाही. तूही घेतलेलं नाहीस. लहानपणी कोणी विचारलं तर आपण दादा एवढंच सांगायचो. टाइम ऑफिसातला कारकून खिडकीतून म्हणाला की मुकादम, भोंगा होईल, आटपा.

मी म्हणालो, "कोंडीराम भिवा अवघडे."

दादा म्हणाला, "हजर."

त्यानं झाडू उचलला आणि बाकीच्यांबरोबर मागच्या अंगाला गेला. मी पटावर खूण केली. ती रेघेबाहेर गेली, कारकुनानं ती खोडून नीट करायला लावली.

त्याला आज चौदा दिवस झाले. रविवार सोडून रोज सकाळी सातच्या आधी मी त्याला नावानं हाक मारतो आणि तो मला उत्तर देतो. दिवसभरात तो माझ्याशी एवढंच बोलतो.

तुझा,
ज्योतीराम